तळहातावरचा पाला

परवा माझ्या नातीनं घरात एक नवाच शब्द आणला. टर्पीन. ती बेळगावला औषधशास्त्र शिकते आणि सुट्टीला आली की माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडून त्यांत काय काय आहे ते मलाच सांगत बसते. वनस्पतींना वास येतो तो बराचसा या टर्पिनांमुळे, असं तिचं म्हणणं. आंब्याच्या सालीत एक, लिंबाच्या सालीत दुसरं, मिऱ्यात तिसरं. मी मान डोलवत मिरी निवडत होते. मग ती म्हणाली, "आणि आजी, गांजा-भांगेच्या झाडातसुद्धा हीच असतात. नशेचा घटक वेगळा. शिवाय सीबीडी म्हणून आणखी एक असतो, त्याची नशा चढत नाही. त्याचे काय काय उपयोग होतील ते अजून शोधतायत."

मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांनी हे सगळं शोधून केव्हाच ठेवलं होतं."

ती खो खो हसली. पणजोबांकडे कुठलं यंत्र होतं, म्हणाली. खरं आहे, यंत्र नव्हतं. एक तळहात होता आणि एक नाक होतं, आणि त्यातलं नाक बिघडलेलं होतं. ही सगळी हकिगत मी तिला सांगितली तर तिनं लगेच वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली, आणि बघते तर काय, बैल गाळून नुसता पाला लिहिला होता. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. माझ्या बैलाला कुणी गाळलेलं मला खपत नाही.

लग्न होऊन मी खानापूरकडच्या उघड्या मुलखातून या रानात आले तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि जोयडं आजच्यासारखं तालुक्याचं गाव नव्हतं. कॅसलरॉकला गाडीतून उतरायचं आणि दिग्गीच्या बाजूला पायी चालू लागायचं. रस्ता म्हणजे पुढच्या माणसाची पाठ. ती दिसेनाशी झाली की आपण हरवलो. पहिल्या दिवशी मी त्या झाडांकडे बघून आईच्या नावानं रडले आणि रडतानासुद्धा मनात आलं की इथं पदर वाळवायला ऊन कुठून आणायचं.

माझ्या वडिलांनी मला आंदण म्हणून एक बैल दिला होता. तांबडा, कपाळावर पांढरा टिळा, शिंगं किंचित आत वळलेली. माझा भाऊ त्याला चालवत चालवत इथवर घेऊन आला, गोठ्यात बांधला, जेवला आणि परत गेला. त्यानंतर या घरात माझ्या माहेरचं असं एकच माणूस उरलं, ते म्हणजे तो बैल. मी त्याला माणूस म्हणते यात कुणाला काही वाटलं तर वाटू दे. सकाळी शेण काढायला गेले की त्याच्या मानेखालच्या पोळीला कपाळ टेकून मी जरा उभी राहायची. त्याच्या अंगाला आमच्या गावच्या कडब्याचा वास येतो असं मला वाटायचं. कडबा कधीच संपला होता, वास मात्र मला येत होता.

आता मामंजी, म्हणजे माझे सासरे. उंच, वाकलेले, डोक्याला कायम लाल मुंडासं, आणि कमरेला तपकिरीची डबी. आसपासच्या वाड्यांतल्या गुरांना ते औषध द्यायचे. बांबूच्या नळ्यानं काढा पाजायचे, मोडलेला पाय बांधायचे, आणि बऱ्याच दुखण्यांवर त्यांचं एक ठरलेलं औषध असे, भांगेच्या पाल्याची गोळी. पाला, गूळ आणि मिरी. दोन-चार झाडं परसात असायची. कायद्यानं ती असू नयेत असं ऐकून होतो, पण त्या रानात यायला कायद्याचेही पाय दुखत असावेत. माणसांसाठी मात्र त्यांनी कधी पानही तोडलं नाही. कुणी शिमग्याला लाडीगोडीनं मागायला आलं तर म्हणायचे, "तू बैल हो, मग देतो."

या औषधात त्यांची एक रीत होती. गोळी करायच्या आधी ते पाला तळहातावर चुरडायचे, दुसऱ्या हातानं झाकून ठेवायचे, आणि घरातल्या एकेकापुढे वयाच्या मानानं तो हात धरायचे. प्रत्येकानं हुंगायचं आणि वास कसला ते सांगायचं. त्यांचं शास्त्र असं, की सगळा पाला सारखा नसतो. आंब्याच्या सालीचा वास आला तर तो झोपेचा पाला. लिंबाचा आला तर भुकेचा. मिऱ्याचा उग्र वास आला तर तो भ्यालेल्या जनावराला द्यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं होतं, की गुरांकडे बघून बघून त्यांनीच बसवलं होतं, ते मला माहीत नाही. नातीच्या टर्पिनांत मला मामंजी दिसले ते यामुळे.

दुसरी रीत सगळ्यांच्याच घरची. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही. आमच्याकडे मध्ये बोलायला पोरंबाळंही नव्हती. मग झालं काय, की मामंजी आणि मी बैलाशी बोलू लागलो. ते गोठ्याच्या दाराशी उभे राहून म्हणायचे, "तांबड्या, तुज्या मालकिणीला सांग, कोंबड्यांची पाटी उगडीच ऱ्हायलीया." मी बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "तांबड्या, सांग, झाकली म्हणावं." बैल दोघांचंही ऐकून घ्यायचा. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चुलीपासून ओरडायच्या, "त्या मुक्या जनावराला जरा खाऊ द्या की वो!"

असं आमचं बरं चाललं होतं. शिमगा होऊन गेला, रानातली पानं गळून जरा ऊन खाली येऊ लागलं, आणि एका दुपारी गुरं पाण्यावरून परतताना जनावरानं तांबड्यावर झडप घातली. जनावर म्हणजे वाघ. इथं त्याचं नाव घेत नाहीत. आरडाओरड ऐकून शेतातले लोक धावले, कुणी पत्र्याचे डबे बडवले, कुणी जळती कोलितं फेकली, गवत पेटलं, धुराचे लोट उठले, आणि त्या धुरातून माझा बैल रक्तानं माखलेला, पण चालत, घरी आला. मामंजींनी जखमा धुतल्या आणि खांद्याची खोल जखम तापल्या विळ्यानं डागली. मी घरात कानांवर हात ठेवून बसले होते.

जखमा भरत आल्या. पण तांबडा बसेना. रात्रंदिवस उभा. बैल खाली बसला नाही तर नीट रवंथ करत नाही, आणि रवंथ नाही म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही. पुढे तर तो खाईनासाच झाला. पेंढीला तोंड लावायचा आणि कान टवकारून मागे बघायचा. संध्याकाळी तर अंग थरथरायचं त्याचं. बरगड्या वर आल्या. मी त्याच्यापुढे पाण्याची बादली धरून उभी राहायची, आणि माझंही ताट अर्धंच राहायचं.

पेरणीच्या आधी नांगराला जोडी हवी होती. आत्याबाई वाईट नव्हत्या, पण हिशेबी होत्या. त्या आमच्या ह्यांना म्हणाल्या, "लोंड्याकडचा दलाल येतोय म्हनं हिकडं. देऊन टाक त्येला. मरंल आनी खड्डा खनावा लागंल." हे कधीच काही बोलत नसत, कौलांकडे बघत. पण दलालाला निरोप गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो येणार असं ठरलं. दलाल असला बैल कशाला घेतो ते मलाही कळत होतं. त्या दिवसापर्यंत तांबडा बसला तर राहील, नाही बसला तर जाईल. मला कुणी असं तोंडानं सांगितलं नाही, पण घरात सगळ्यांच्या वागण्यातून ते दिसत होतं.

मामंजींनी औषध काढलं. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या तट्टीवरून त्यांनी वाळक्या पाल्याची पुडी उतरवली. ही तट्टी आमच्या रानातल्या प्रत्येक घरात. इथला पाऊस असा, की बाहेर ठेवाल त्याला बुरशी. म्हणून कोकम, सुकी मासळी, बी-बियाणं, मिरी, सगळं चुलीच्या धुरावर. मामंजींची औषधंही तिथंच. त्यांनी पाला चुरडला, घरातल्यांनी हुंगला, गोळी झाली. तांबड्यानं ती थुंकून टाकली. मग त्यांनी नळ्यानं पाजली. तांबडा डोकं खाली घालून लाळ गाळत उभा राहिला, गुंगल्यासारखा, पण बसला नाही. दुसऱ्यांदाही तसंच. गोळी नाकाशी नेली की तो मागे सरायचा, दावं ताणायचा, डोळे पांढरे करायचा.

त्या दोन्ही वेळांना हात माझ्यापुढे आला नव्हता. नवी सून शेवटची, आणि माझ्यापर्यंत यायच्या आधीच पाला गुळात पडायचा. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मामंजींनी आधी स्वतः हुंगलं आणि म्हणाले, "आंबा. कसा घमघमाट हाय बगा." हात आत्याबाईंपुढे धरला. "व्हय, आंबाच," आत्याबाई म्हणाल्या. ह्यांच्यापुढे धरला. "आंबा," हे कौलांना म्हणाले. मग, मी तिथंच उभी म्हणून, तो हात माझ्या पदरापुढे आला.

मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. आंबा नव्हता. लिंबू नव्हतं, मिरी नव्हती. त्या पाल्याला धुराचा वास येत होता, जुन्या, चिकट, काळ्या धुराचा, आणि त्यावर जरा तपकीर. बाकी काहीच नाही. मला वाटलं, सर्दी झाली असेल मला. पण गोठ्यातलं शेण, पेंढी, आत्याबाईंच्या केसांतलं खोबरेल, सगळं मला नीट येत होतं. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हा बैल औषधाला मागे सरत नाहीय.

माझा स्वभाव काही गरीब गायीचा नव्हता. माहेरी मला तोंडाळ म्हणत. तरी पदर दातांत धरून मी बैलाकडे वळले आणि म्हटलं, "तांबड्या, मला तर नुसता धुराचाच वास येतोय रे बाबा. आनी तुला धुराचंच भ्या बसलंय न्हवं? धुरातच तुज्यावर ते सगळं झालं. आनी आमी सांजच्याला तुज्या नाकाखाली धूर करतोय, आनी औषद बी धुराचंच देतोय."

कारण डास-गोमाश्यांसाठी रोज संध्याकाळी गोठ्यात ओल्या पाल्याची धुरी करायची आमची पद्धत. रोज संध्याकाळी आम्हीच त्याला त्या दुपारी नेऊन उभा करत होतो.

आत्याबाईंनी डोळे वटारले. हे कौलं मोजत असावेत. मामंजींनी तळहात धोतराला पुसला आणि ते आत निघून गेले. मला वाटलं, झालं, आता दलाल एकट्या बैलाला नाही, बैलाला आणि त्याच्या मालकिणीला एकाच वाटेनं नेणार. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मला ते इतकं काही वाईट वाटलं नाही. खानापूर लोंड्याच्याच पुढे होतं.

आत मात्र, गोठ्याच्या दारातून मला दिसत होतं, वेगळंच चाललं होतं. मामंजी चुलीपाशी गेले होते. त्यांनी सगळी तट्टी खाली उतरवली आणि एकेक वस्तू उचलून नाकाशी धरू लागले. कोकम. सुका बांगडा. मिरी. बांगडा तर त्यांनी दोनदा धरला. आत्याबाई दारात उभ्या.

"ह्येला कसला वास येतोय गं?" त्यांनी विचारलं.

"बांगड्याचा. आनी कसला येनार?"

"माज्याकडं येत न्हाई."

आत्याबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता थांबल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांना दिसला असावा. घरातल्या सगळ्यांना इतकी वर्षं काय ठाऊक होतं आणि कुणीच का बोललं नव्हतं, ते मला त्यांच्या त्या थांबण्यावरून कळलं. तपकिरीनं त्यांचं नाक कधीच गेलं होतं. ते आठवणीनं आंबा म्हणायचे, आणि ते आंबा म्हणतात म्हणून घर आंबा म्हणायचं.

मामंजी बाहेर आले. गोठ्याच्या खांबाला टेकले. मी मान खाली घालून उभी. ते बैलाला म्हणाले, "तांबड्या, तुज्या मालकिणीला सांग, म्हातारा लई दिवसापास्नं आंदाजानं बोलत व्हता." आणि जरा वेळानं, "तिला विचार, आता काय करायचं म्हनती."

मला इतकं वाईट वाटलं की मी जवळजवळ त्यांच्याशी थेट बोलणार होते. पण रीत ती रीत. मी बैलाला सांगितलं, की आमच्याकडे ओवा, कोथिंबिरीचं बी असं वासाचं काही वाळवायचं तर सावलीत वाळवतात, सुपात, वर पातळ धडपा टाकून. आणि धुरी बंद करा म्हणावं. आणि तुला बाहेर फणसाखाली बांधा म्हणावं. बैलानं शेपटी हलवली. मामंजींनी ते मंजुरी समजून सूप मागितलं.

आत्याबाई कडाडल्या. "धूर न्हाई तर माश्या फोडून खातील त्येला! आनी सावलीत वाळवाय हे काय तुजं खानापूर हाय व्हय गं? बुरशी येतीया हितं!" पण बुरशी पावसात. हे दिवस उन्हाळ्याचे होते, आणि उन्हाळ्यातही पाला धुरावर ठेवायचा तो केवळ सवयीनं. माश्यांचं त्यांचं म्हणणं मात्र बरोबर होतं. म्हणून मी निर्गुडीचे फाटे तोडून आणले आणि दिवसभर फणसाखाली बसून तांबड्याला वारा घातला. हात भरून यायचे. आमचे हे एकदा आले, माझ्या हातातला फाटा घेतला आणि स्वतः वारा घालू लागले. संसारात मला मिळालेली ती पहिली मोठी कबुली होती.

न्हाणीच्या सांडपाण्यावर भांगेचं एक झाड उन्हातही हिरवंगार होतं. मामंजींनी त्याचा पाला काढला. सुपात सावलीत वाळू घातला. दलाल यायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो तळहातावर चुरडला. या वेळी त्यांनी स्वतः हुंगला नाही. आत्याबाईंकडेही गेले नाहीत. तो हात सरळ माझ्यापुढे आला आणि ते बैलाकडे बघत म्हणाले, "इचार तिला."

मी हुंगलं आणि मला हसूच आलं. इतका वास! आधी कैरीच्या सालीचा, नख लावल्यावर येतो तसा. मग मागून लिंबू. आणि तळाशी मिरी, घशाला जरा बोचणारी. सगळं मी तांबड्याला सांगितलं. मामंजी मान पुढे करून ऐकत होते, जेवणाचा बेत ऐकावा तसे. "लिंबू बी हाय? खरंच लिंबू हाय?" त्यांनी बैलाला विचारलं. "हाय हाय," मी म्हटलं.

गोळी आत्याबाईंनी केली. मिरी त्यांनी जरा जास्तच घातली, आणि त्याचं श्रेय पुढे आयुष्यभर घेतलं. तांबड्यानं गोळी हुंगली. मागे सरला नाही. जिभेनं एकदा चाटली, गूळ लागला, आणि ओठ पुढे काढून त्यानं ती माझ्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दलाल आला. गोल, घामाघूम, हातात छत्री. मामंजींनी त्याला ओसरीवर बसवून पाणी दिलं. इतक्यात परसदारातून आत्याबाईंची आरोळी आली, "बसला गं! बसला!" मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. फणसाखाली तांबडा चारी पाय मुडपून बसला होता. जबडा संथ हलत होता. डोळे अर्धे मिटलेले. रवंथ करत होता माझा बैल. मी पदर तोंडात कोंबून रडले, आणि ते पाहून कुणी मला हसलं नाही.

दलालाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सरावाप्रमाणे चाल बघायला बैलाजवळ गेला आणि छत्रीच्या टोकानं त्याला उठवणार, तोच आम्ही चौघंही एकदम ओरडलो, "उठवू नका!" आमचे हेसुद्धा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दलाल दचकून दोन पावलं मागे गेला. "आयुष्यात लई बैल बगिटले," तो म्हणाला, "पन असा बसल्याला बैल इकणारी मानसं न्हाई बगिटली."

"इकायचाच न्हाई," मामंजी म्हणाले. "तुमी जेवून जावा."

आणि मग ते माझ्याकडे वळले. बैलाकडे नाही. माझ्याकडे. "सूनबाई," म्हणाले, "पानं वाड. आनी आज तू बी पोटभर जेव."

मी "व्हय मामंजी" म्हटलं. त्यानंतर आम्हाला बैलाची गरज पडली नाही. तरी मामंजी अधूनमधून त्याला निरोप सांगायचे, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

तांबडा पेरणीला जुंपला गेला. नंतर कितीतरी पावसाळे त्यानं नांगर ओढला. आणि घरात वाद लागला तो लागलाच. मामंजी म्हणत, पाल्यानं बसला. आत्याबाई म्हणत, मिऱ्यानं. मी म्हणायची, धूर गेला म्हणून. हे म्हणत, वारा कुणी घातला?

नातीला मी विचारलं, तूच सांग, कशानं? ती बराच वेळ विचार करत बसली, आणि ते मला आवडलं. म्हणाली, चुलीच्या धगीवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या पाल्यातली टर्पिनं उडून जातात, ती मुळातच उडून जाणारी असतात, म्हणून तर वास येतो. उष्णतेनं आतले घटकही बदलतात. सावलीत वाळवला म्हणून वास टिकला. पण त्या पाल्यात नशेचा घटक किती, सीबीडी किती, कुणी मोजलं होतं? आणि सीबीडीला तर स्वतःचा असा वासच नसतो, म्हणजे कुणाचंही नाक ते ओळखू शकलं नसतं. आंब्याचा वास म्हणजे झोप, लिंबाचा म्हणजे भूक, असं लोक म्हणतात खरं, पण ते अजून नीट सिद्ध झालेलं नाही. शिवाय जनावराला असं काही देऊच नये, त्रास होऊ शकतो, ही तंबीही तिनं मला दिली. जणू माझ्याकडे आता बैल आहे.

"मग तुझं मत काय?" मी विचारलं.

"भीती गेली म्हणून बसला असेल," ती म्हणाली. "गोळीनं थोडी मदत केलीही असेल. ठामपणे नाही सांगता येत, आजी." शिकलेल्या माणसानं असं म्हटलं की मला बरं वाटतं.

मामंजींनी तपकीर सोडली, पण गेलेला वास परत आला नाही. पुढे गोवा मोकळा झाला, मध्ये बंद पडलेल्या गाड्या पुन्हा घाटाखाली गोव्यात जाऊ लागल्या, कॅसलरॉकला आंबे, काजू उतरू लागले, आणि आमच्या ओसरीवर बसून मामंजी मला विचारायचे, "सूनबाई, कसला वास सुटलाय गं?" मी सांगायची. मोहोर सुटलाय. शेजारी नाचणीची भाकरी करपलीय. पाऊस आला, पण तो अजून लांब आहे. ते डोळे मिटून ऐकायचे.

शेवटी शेवटी त्यांना उठवत नसे. तांबडाही त्याच्या आधी गेला होता. परसातली झाडंही कुणी लावत नव्हतं. तरी त्यांच्या उशाखाली चुरगळलेल्या जुन्या पाल्याची एक पुडी असायची, कधीची कोण जाणे. अधूनमधून ते तो तळहातावर घ्यायचे, चुरडायचे, दुसऱ्या हातानं झाकायचे, आणि तो हात माझ्यापुढे धरायचे. "सांग बगू."

मी हुंगायची. त्यात काहीच उरलेलं नव्हतं. नुसती धूळ, आणि म्हाताऱ्या हाताचा वास.

"आंबा हाय, मामंजी," मी म्हणायची. "मागून लिंबू. आनी तळाला मिरी."

"धूर न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणायची. आणि माझ्यामागे दारात उभ्या असलेल्या आत्याबाई म्हणायच्या, "व्हय वो, आंबाच."